भाड्यातलं पाणी

गोदाक्का पाण्याची घागर आमच्या उंबऱ्याशी ठेवायच्या आणि बोटांच्या पेरांनी तिच्यावर टकटक करायच्या. भरलेली घागर बद्द वाजते. "ऐकलं न्हवं, भाऊ? काठोकाठ हाय. मागनं कमी दिली म्हनायचं न्हाई."

मी आतून ओरडायचो, "अहो, विश्वास आहे माझा!"

"तुमचा असंल. माझा मला ठेवाया लागतोय."

बायकोला, शांताला, घेऊन मी बार्शीहून पिंपरीच्या नव्या कारखान्यात फिटर म्हणून आलो, तेव्हा जागा मिळता मिळत नव्हती. चिंचवड गावाच्या कडेला या विधवा बाईंची एक खोली रिकामी होती. सौद्यात मला आजवर कोणी हरवलेलं नाही. तासभर घासाघीस करून मी दिवा-पाणी भाड्यातच बसवून घेतलं. कंदिलाचं रॉकेल त्यांचं, विहिरीचं पाणी त्यांचं. शेवटी बाई म्हणाल्या, "बरं. दिलं म्हंजे दिलं." मी स्वतःवर खूश झालो. विहीर मागच्या दारी दिसतच होती. ती एकट्या त्यांची आहे का, हे विचारायचं मला सुचलं नाही.

विहीर सामाईक होती. एक दिवस गोदाक्कांची पाळी, एक दिवस त्यांच्या दिराची. एरवी कोणी बघत नसे. उन्हाळ्यात झरे आटले आणि दीर आपल्या पाळीला विहिरीवर बाज टाकून बसू लागला. त्याच दिवसांत शांताला विषमज्वर झाला. डॉक्टरांनी बजावलं, अंग सारखं ओल्या फडक्यानं पुसा, पाणी उकळून पाजत राहा.

गोदाक्कांनी आपल्या वांग्यांचं पाणी तोडलं. त्या वांग्यांवर त्यांचं मीठमिरची चालायचं. वाफे डोळ्यांदेखत करपले. मी बोलायला गेलो तर म्हणाल्या, "वांग्यांशी माझं काय ठरल्यालं न्हाई. तुमच्याशी ठरलंय." तरी पुरेना. नवरा गेल्यापासून दिराशी अबोला होता. त्याच्याच दारात त्या पदर पसरून उभ्या राहिल्या.

"पोरगी तापानं जळतीया. दोन घागरी दे."

"भाडं तू खातीस आन् पानी मी देऊ व्हय?" तो बाजेवरून उठलासुद्धा नाही.

संध्याकाळी त्या आमच्या दारात आल्या. हातात घागर नव्हती.

"भाऊ, दुसरी जागा बगा. मला पानी पुरवता येईना, मग भाडं कशाचं घिऊ? नळाची खोली बगा."

मी भडकलो. "पाणी मी कुठूनही आणीन! माणूस अंथरुणाला खिळलंय, ते हलवू कसं?"

"ठरलं त्ये माझ्याकडनं मोडलं."

मग जन्मात पहिल्यांदा मी उलटा सौदा केला. पाणी नको, दिवा नको, भाडं दुप्पट घ्या, पण राहू द्या. हात जोडले. बाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "तिला पानी लागतंय, भाऊ. मला तुमचं पैकं न्हाई लागत."

बैलगाडीत कडबा अंथरून भर उन्हात शांताला पिंपरीला नेलं. खोली कोंदट होती, पण नळाला धो धो पाणी होतं. गाडीच्या धक्क्यांनी शांता जी खचली ती सावरलीच नाही. नळाचं पाणी तिला औषधासारखं लागायचं. तोंडात घेऊन ती थुंकून टाकायची.

पिंपरीला आल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी दाराशी ओळखीची टकटक झाली होती. डोक्यावर घागर घेऊन गोदाक्का चिंचवडहून चालत आल्या होत्या.

"म्हैन्याचं भाडं घेतलंय. म्हैना अजून सरला न्हाई."

मी तोंड फिरवलं. शांता मात्र त्यातलं वाटीभर पाणी प्याली. त्यानंतर आपल्या प्रत्येक पाळीला बाई येत राहिल्या. मी त्यांना एकदाही 'बसा' म्हटलं नाही.

महिनाअखेरीस त्या आल्या तेव्हा दाराशी माणसं जमली होती. त्यांनी घागर टेकवली. हात सवयीनं पुढे गेला, पण त्यांनी ती वाजवली नाही. शांताला शेवटची आंघोळ घालायला बायका नळाखाली बादली लावत होत्या. गोदाक्कांनी ती बाजूला सारली.

"ह्ये घ्या. तिचंच हाय."

आज माझा स्वतःचा कारखाना आहे, भाड्यानं दिलेल्या खोल्या आहेत. दिवा-पाणी मी कोणाला भाड्यात देत नाही. त्या बाईंनी आम्हाला आणखी महिनाभर तिथंच राहू दिलं असतं, तर? हे भांडण मला त्यांच्याशी भांडायचं होतं. त्या केव्हाच गेल्या. राग मात्र अजून काठोकाठ आहे.