अ‍ॅक्सोलोटलचं शिळं पाणी

अ‍ॅक्सोलोटल हा प्राणी अमरत्वाच्या फार जवळ पोहोचलेला आहे. त्याचा पाय तुटला तर नवा येतो, शेपटी तुटली तर नवी येते, काळजाला इजा झाली तरी भरून निघते. ऋषिमुनींना तप करून जे साधलं नाही ते मेक्सिकोच्या तळ्यातल्या या हसऱ्या तोंडाच्या जीवाला जन्मतःच मिळालं आहे. फक्त टाकीतलं सगळं पाणी एकदम बदललं की तो मरायला लागतो.

असे दोन जीव गेल्या उन्हाळ्यात लातूरला आमच्या घरी होते. वीतभर लांब, चार पाय, मानेच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले; एक काळा, एक पांढरा. ते आमच्या मुलीचे. ती आणि जावई नांदेडला नोकरीला आहेत. दोघांना एकाच वेळी छत्रपती संभाजीनगरला प्रशिक्षण लागलं आणि टाकी ठेवायची कुठे, असा प्रश्न आला.

इथे थोडं मागे जायला हवं. जावई उमरीकडचे, बौद्ध कुटुंबातले. माझे पती पाणीपुरवठ्यात अभियंता होते. ऑफिसात दर वर्षी जयंतीला तसबिरीला हार घालून समतेवर बोलायचे. मी ते भाषण तीनदा ऐकलं आहे, चांगलं होतं. मुलीच्या लग्नाला मात्र ते आले नाहीत, कारण गुडघा दुखत होता. लग्नानंतर गुडघा बरा झाला. मुलगी मला फोन करायची, शेवटी "पप्पा बरे आहेत ना?" असं विचारायची, मी "बरे आहेत" म्हणायचे. जावयाचा उल्लेख आमच्या घरात "तिकडचे" असा व्हायचा.

त्यामुळे टाकीचा विषय निघाल्यावर पेपराआडून "इथं आणून ठेव म्हणावं" असा आवाज आला, तेव्हा मी काही बोलले नाही. बोलले असते तर ते वाक्य मागे घेतलं गेलं असतं.

मुलगी एकटीच टाकी घेऊन आली. पाणी थंड ठेवायचं, त्यासाठी बर्फ झालेल्या बाटल्या सोडायच्या. आठवड्यातून एकदा थोडंसंच पाणी बदलायचं, तेही क्लोरीन मारणारे थेंब टाकून. फिल्टरचा स्पंज धुवायचा नाही. त्यातल्या घाणीत जे जंतू असतात तेच पाणी नीट ठेवतात. यांनी मान हलवून सगळं ऐकून घेतलं. पाण्याबद्दल कुणी सांगत असलं की ते असंच ऐकतात.

आता आमच्याकडची रीत. लातूरला नळ रोज येत नाहीत. काही दिवसांनी येतात आणि येतात त्या दिवशी गल्लीत सण असतो. आदल्या नळाचं पाणी इतके दिवस जपून, मोजून वापरलेलं असतं. नवं पाणी सुटलं की तेच शिळं ठरतं. मग पिंप, रांजण, हंडे रिकामे करायचे, घासायचे आणि ताजं भरायचं. टंचाईच्या गावात भरलेली पिंपं गटारीत ओतताना मी दर वेळी पाहते आणि दर वेळी मीही ओतते.

टाकी आल्यानंतरच्या पहिल्या नळाला मी अंगणातली पिंपं घासत होते. आत आले तर टाकीतलं पाणी लखलखत होतं. स्पंजसुद्धा नळाखाली पिळून, अगदी पिवळाधमक करून परत बसवलेला.

"अहो, ती थोडंच बदला म्हणाली होती ना?"

"मुक्या जनावराला शिळ्यात ठेवायचं? आपण पितो का शिळं?"

"आणि थेंब?"

"ते भलत्या पाण्यासाठी. ह्या पाण्यात माझी सगळी नोकरी गेली. मला सांगून राहिली का तू?"

दोन-तीन दिवसांत पांढऱ्याचे कल्ले पुढे वळले, शेपटीचं टोक आकड्यासारखं झालं. कल्ल्यांवर कापसासारखी बुरशी धरली. गांडूळ नाकासमोर धरलं तरी तोंड फिरवायचा. काळा नुसता कोपऱ्यात बसून होता.

हे जीव मेले असते तर मुलगी ओरडली नसती. "असू दे पप्पा" म्हणाली असती आणि पुन्हा कधी काही ठेवायला आणलं नसतं. हे मला कळत होतं. यांनाही कळत असावं, कारण ते पेपर उघडून एकाच पानावर बसलेले असायचे.

आम्ही पांढऱ्याला बादलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर एका म्हशीपाशी होते. त्यांनी बादलीत डोकावलं.

"काका, हे आपल्याकडलं न्हाई दिसत."

"मेक्सिकोचं आहे."

म्हशीचा मालकही डोकावला. "खातेत का ह्याला?"

"न्हाई."

"दूध?"

"तुम्ही तुमची म्हैस धरा हो," डॉक्टर त्याला म्हणाले, आणि मग यांना, "गाय असती, शेळी असती, गाढव असतं तरी बघितलं असतं. ह्याला सुई कुठं टोचायची तेच मला ठाऊक न्हाई. ज्याचं हाय त्याला विचारा."

इतका सरळ सल्ला मी सरकारी टेबलापलीकडून पहिल्यांदाच ऐकला.

मुलीचा फोन वर्ग चालू असल्याने बंद होता. संध्याकाळपर्यंत थांबता आलं असतं. यांनी दवाखान्याच्या पायरीवर बसून बादलीत पाहिलं आणि म्हणाले, "त्यांचा नंबर लावून दे."

मी लावून दिला.

"पाव्हणं, मी लातूरहून बोलून राहिलो."

पलीकडे वर्गाचं दार ओढून घेतल्याचा आवाज आला. मग, "बोला ना मामा. घरी सगळे बरे आहेत ना?"

"आम्ही बरे आहोत. पांढरा बरा न्हाई."

"पाणी किती बदललं होतं?"

"सगळं."

"थेंब?"

"न्हाई टाकले."

"स्पंज?"

"धुतला." मग हळू आवाजात, "पिळला पण."

जावयाने उपदेश केला नाही. दोघांनाही टाकीतून काढून वेगवेगळ्या टबात ठेवा, टबात घाण जिरवायला जंतू नसतात म्हणून थेंब टाकलेलं थंड पाणी रोज पूर्ण बदला, अंधार ठेवा, देशी बदामाची वाळलेली पानं टाका, एवढंच सांगितलं. बदामाचं झाड यांच्या जुन्या ऑफिसच्या आवारात आहे. ज्या आवारात शिपाई यांच्यासाठी जीपचं दार उघडायचा, तिथे हे पिशवी घेऊन पाला वेचत होते. कुणीतरी विचारलं, "साहेब, शेळी घेतली का?" यांनी हो म्हणून टाकलं. ते समजावून सांगण्यापेक्षा सोपं होतं.

टब न्हाणीघरात गेले, कारण घरात तीच खोली गार. आम्ही आंघोळीला मागच्या मोरीत जाऊ लागलो. रोज संध्याकाळी जावयाचा फोन यायचा, आता थेट यांच्याच फोनवर. बुरशी कमी होत गेली, कल्ले मागे गेले. काळा आधी खाऊ लागला, मग एके दिवशी पांढऱ्यानेही गांडूळ गिळलं. पण जावयाचं समाधान होईना. खाल्लेलं बाहेर पडायला हवं, म्हणायचे. निवृत्त अभियंता रोज अहवाल द्यायचा, "अजून न्हाई."

सुट्टीच्या दिवशी जावई स्वतः आले. मुलीची परीक्षा होती. लग्नानंतर सासरी पहिलं पाऊल, आणि हातात पेढ्यांऐवजी संभाजीनगरच्या एका मित्राच्या टाकीतला शेवाळलेला स्पंज, पाण्याच्या पिशवीत. त्यातल्या जंतूंवर आमची टाकी पुन्हा उभी राहणार होती. मी ओवाळायला ताट केलं होतं, पण सासरा-जावई चपला काढून थेट न्हाणीघरात गेले. मी ताट घेऊन दारात उभी राहिले.

दोघं टबापाशी उकिडवे बसले. थोड्या वेळाने हे उठले. एक हात पाठीमागे घेतला, घसा खाकरला. ही यांची भाषणाला उभं राहण्याची पद्धत मला ओळखीची होती.

"पाव्हणं," हे म्हणाले, "लग्नाच्या वेळी आमच्याकडून जे झालं, त्याबद्दल आज मला आपल्याला दोन शब्द..."

"मामा, मामा, हलू नका," जावई टबावर वाकले. "करून राहिलाय."

आम्ही तिघंही वाकलो. पांढऱ्याने शेपटी जराशी उचलली आणि काम उरकलं. जावयाने पिचकारी घेतली, यांनी बादली पुढे धरली. ते दोन शब्द त्या दिवशी राहिले, आणि नंतरही कुणी काढले नाहीत.

विष्ठा करवंदाएवढी, काळपट, आणि जावयाच्या मते चांगल्या प्रतीची होती.