बद्द वाजणारा क्रँक

सांगलीचे भूपाल मगदूम क्रँक घासून देत. पिस्टनांची ये-जा चाकांच्या गतीत परिवर्तित करणारा तो लोखंडी दंड ते अभिषेकाच्या कलशाप्रमाणे दोन्ही हातांनी उचलीत.

१९९६ च्या उन्हाळ्यात आटपाडीचे नानासो आपल्या एका वडाप, म्हणजे भाड्याने उतारू नेणाऱ्या, जीपचा क्रँक घेऊन आले. त्यांची दुसरी जीप दारात उभी होती. झालरी, रंगीत दिवे, दणदणता टेप, आणि सांगलीचा बाजार करून परतणारी, दाटीवाटीने कोंबलेली माणसे.

"अण्णा, घाटात लय दम खातीया गाडी. स्ट्रोक वाढवा. अजून आठ माणसं बसली पायजेत."

पिस्टनची धाव लांबवली की ताकद वाढते, हे खरे. परंतु त्यासाठी नवा क्रँक, नवे पिस्टन, नवे रॉड हवेत. खर्च ऐकताच नानासोंनी तोंड कडू केले.

"ह्योच जुना एका अंगानं जादा घासा की! दहाव्या हिश्श्यात भागतंय."

तशानेही धाव वाढते. दंड मात्र बारीक होतो, आणि हा आधीच दोनदा घासलेला. भूपालांनी क्रँक दोरीने टांगला व हातोडीने हळुवार ठोकला. निकोप लोखंड घंटेसारखे निनादते. हे बद्द वाजले. आत तडा होता.

"मग वेल्डिंग मारा. वरनं घासल्यावर कुनाच्या बापाला कळतंय?"

भूपालांना शिसारी आली. "मी हात लावणार न्हाई."

"ऱ्हायलं! मिरजंत लय जन बसल्यात."

हा दंड कुठेतरी बसवला जाणार आणि भरल्या गाडीत तुटणार, एवढेच भूपालांना दिसत होते. त्यांनी तो दाराच्या चौकटीला टांगला आणि जीपमधल्या माणसांदेखत पुन्हा ठोकला.

"नानासो हे तडा गेलेलं लोखंड आपल्या त्या दुसऱ्या वडाप गाडीत घालणार हाईत. ऐका."

मांडीवर नवी घागर घेऊन बसलेल्या दगडाबाईंनी कान दिला. "नाना, आसं वाजनारं मडकं आमी कुंभाराच्या म्होरंच टाकून येतो. आन् तू आमाला त्याच्यावर बशिवणार व्हय रं, मुडद्या?"

त्या उतरल्या. मागोमाग सगळी जीप रिकामी झाली.

नानासो वरमले. "बरं, नवाच घाला. साधा. स्ट्रोक-बिक ऱ्हाऊ दे." मग जवळ येऊन कुजबुजले, "जुना मातुर मला द्या. माण तालुक्यात एक गिऱ्हाइक हाय. रंगवून खपवतो."

पालीवर पाय पडावा तसा भूपालांचा चेहरा झाला. त्यांनी गॅसकटर पेटवला.

"आधी ह्याचे तुकडे. मग नव्याचं बोलू."

"आवं अण्णा, वाया जातंय की!"

"तुकडे घेऊन जावा."

नानासोंनी सावलीत उभ्या असलेल्या उतारूंकडे पाहिले. एकही जण गाडीकडे वळत नव्हता.

"कापा," ते पुटपुटले.