पूर्वेच्या खिडकीचा पडदा

माझ्या मुलीकडे, सुजाताकडे, परदेशात आले आणि क्लेमेंटी भागात टॅक्सीतून उतरले, तेव्हा तिच्या इमारतीखालच्या व्हॉइड डेकमध्ये (तळमजल्यावरची मोकळी जागा) पांढरी-निळी कापडं लावली होती. माणसं गोल टेबलांभोवती बसून शेंगदाणे सोलत होती. मला वाटलं, कुणाचं तरी लग्न आहे. आम्ही नागपूरचे बौद्ध. आमची नवरी पांढऱ्या साडीत उभी राहते आणि मांडवात निळं असतंच. आल्या आल्या शुभकार्य दिसलं म्हणून मी खूश झाले. सुजाता बॅगा ओढण्याच्या गडबडीत होती, तिला विचारायचं राहून गेलं.

सुजाता इथल्या विद्यापीठात संशोधन करते आणि एका वयस्कर चिनी जोडप्याच्या फ्लॅटमध्ये खोली घेऊन राहते. सगळे त्यांना आंटी आणि अंकल म्हणतात, मीही म्हणू लागले. आंटींनी माझ्यापुढे काया टोस्ट (नारळ-अंड्याचा गोड मुरंबा लावलेला पाव) ठेवला आणि घर दाखवलं. मधल्या भिंती पिवळ्या, कारण मध्य म्हणजे माती. दक्षिणेला लाल चित्र, ती अग्नीची बाजू. उत्तरेला पाण्याचा काळा रंग. आणि पूर्वेच्या खिडकीला विटलेला हिरवा पडदा.

"पूर्व म्हणजे लाकूड. घरातल्यांची तब्येत तिथे," आंटी म्हणाल्या. "अंकलचं हार्ट वीक, म्हणून हिरवं."

मी मान डोलावली आणि मनात हसले. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय मी. माझ्या वडिलांनी भर वस्तीत आमच्या दारावरची लिंबू-मिरची काढून फेकली होती.

तिसऱ्या दिवशी अंकलना बायपाससाठी हॉस्पिटलात नेलं. जाताना ते मला म्हणाले, "मी आलो की तुम्हाला फिश सूप खायला नेतो, लाह." 'लाह' ही इथल्या बोलण्यातली लकब. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी दुपारी होतं. त्या सकाळी सुजाता लॅबला गेली आणि मी रिकामी बसले. आजारी माणूस परत यायचा, त्याला घर स्वच्छ हवं, असं मनात आलं. हिरव्या पडद्याला तेलाचा वास येत होता. तो बादलीत भिजवला, धुतला आणि भेट म्हणून आणलेला हातमागाचा पडदा खिडकीला लावला. पांढराशुभ्र, निळ्या काठाचा. स्वतःवरच खूश होऊन मी चहा ठेवला.

दहाच्या सुमारास आंटी अंकलचा चष्मा न्यायला आल्या. खिडकीकडे बघितलं आणि चपलांच्या कपाटावर मटकन बसल्या.

"अय्यो. सुजाता मम्मी, खाली बघितलं नाहीत? पांढरं-निळं. माणूस गेल्यावर लावतात."

त्या शेंगदाणे सोलणाऱ्या माणसांपैकी कुणीच हसत नव्हतं, हे मला आत्ता आठवलं.

"आणि पांढरं म्हणजे धातू," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "कुऱ्हाड. लाकडावर कुऱ्हाड टांगलीत, आज."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. चष्मा घेऊन त्या निघून गेल्या.

मी स्वतःला समजावलं, कापडाने कुणी मरत नाही. पण हात ऐकेनात. खुर्चीवर चढून पडदा ओढला तर दोन कड्या तुटल्या. हिरवा पडदा अजून बादलीतच होता. इस्त्री फिरवली, नुसती वाफ निघाली. घड्याळात बारा वाजत आले होते. शेवटी पाणी ठिबकणारा पडदाच टांगला आणि सुजाताला फोन केला. "आई, तू घाबरलीस?" तिने विचारलं. मी फोन ठेवून दिला.

बसने हॉस्पिटल गाठेपर्यंत अंकलना आत नेलं होतं. आंटी एकट्याच बसल्या होत्या, शेजारच्या खुर्चीवर त्यांची पिशवी होती. मी समोर उभी राहिले.

"हिरवा परत लावलाय. पण ओला आहे," मी म्हणाले.

त्यांनी दाराकडे बघतच विचारलं, "किती ओला?"

"पाणी गळतंय."

"पाणी लाकडाला वाढवतं," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि पिशवी उचलून मांडीवर घेतली. मी बसले.

सांगितलेल्या वेळेपेक्षा दोन तास जास्त लागले. त्या दोन तासांत मी किती वेळा मनात तो पडदा पुन्हा भिजवला, ते माझं मलाच माहीत. दार उघडलं आणि डॉक्टर 'ठीक आहेत' म्हणाले, तेव्हा आंटींनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

अंकलना घरी आणल्यानंतर चारच दिवसांनी माझं विमान होतं. फिश सूप राहिलं. निघताना आंटींनी पांढरा पडदा घडी करून लाल कागदात गुंडाळून माझ्या बॅगेत ठेवला. "तुमच्या घरी हा चांगला," म्हणाल्या.

खरंच, आमच्या घरी पांढरं शुभ आहे. शेजारणी विचारतात, एवढा सुंदर पडदा पेटीत का ठेवलास? मी सांगते, खिडकीच्या मापात बसत नाही. पण मी तो मोजून पाहिला आहे. आमच्या पूर्वेच्या खिडकीला तो अगदी बरोबर बसतो.