पान उलटायला लागलेला वेळ

ड्रायक्लीनिंगच्या त्या दुकानात बावीस वर्षं ती वाफेत उभी होती, म्हणून तिचं नाव वाफाबाई. मालकांनी ठेवलेलं. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि ते तिथेच बरं होतं. दुकानाला पुढे काच होती, मागे एक लांब खोली. खोलीत इस्त्रीची दोन टेबलं, आणि कोपऱ्यात वाफेचं यंत्र. ते दर तीन मिनिटांनी एक लांब सूर सोडायचं. वाफाबाई त्या सुराला आपला सा धरून गायची. मोठ्यानं नाही. शर्टाच्या बाहीला ऐकू जाईल इतपतच.

दोन गल्ल्या पलीकडे नाट्यगृह होतं. त्यांचे कपडे सोमवारी यायचे. प्रत्येक कपड्याच्या कॉलरच्या आत एक पांढरी पट्टी शिवलेली असे. वर पात्राचं नाव, त्याखाली ते घालणाऱ्या माणसाचं. नाटक बघायला ती क्वचितच जायची. गरजच पडायची नाही. कोणता राजा आतून घाबरलेला आहे आणि कोणता नुसताच ओरडतोय, हे तिला काखेच्या डागावरून कळायचं.

तिचा धाकटा भाऊ एका रेकॉर्डिंग स्टुडिओत ध्वनिमुद्रक होता. त्याच्यामुळे ती डमी गायला लागली. मोठी गायिका येण्याआधी वादकांना अंदाज यावा म्हणून कुणीतरी गाणं गातं, वादक त्याबरोबर वाजवतात, मग खरी गायिका येते आणि आधीचा आवाज पुसून टाकतात. सुट्टीच्या दिवशी जाऊन वाफाबाईनं अशी दोनेकशे गाणी गायली होती. त्यातलं एकही उरलेलं नव्हतं. पुसलं जाण्यात तिचा हातखंडा होता.

"वाईट नाही वाटत?" नवऱ्यानं एकदा विचारलं होतं. तो गाड्या दुरुस्त करायचा, त्याच्या नखांत कायम काळं असायचं.

"डाग काढल्यावर डागाला वाईट वाटतं का?" ती म्हणाली.

नवरा हसला, पण हसून झाल्यावर थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिला.

मग तो म्युझिकलचा अल्बम आला. संगीतकार तिशीतला, उंच, कायम एका खांद्यावरून पिशवी घसरणारा. स्टुडिओत त्यानं सगळ्यांना समजावून सांगितलं. नऊ मजल्यांची इमारत. लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकते. आत पाच अनोळखी माणसं. आणि सातव्या मजल्यावर, आत अडकलेल्यांपैकी एकाची आई, जी दाराशी उभी राहून वाट बघते. गोष्ट सगळी गाण्यांतून. पण नाटक उभं करायला अजून ना नाट्यगृह होतं, ना नट. म्हणून आधी नुसती गाणी बाहेर काढायची. लोकांनी ऐकली, तर नाटक.

"म्हणजे शिवायच्या आधीच धुवायला टाकायचं," वाफाबाई म्हणाली.

वादक हसले. संगीतकार मात्र हसला नाही. "हो," तो म्हणाला, "अगदी तसंच. आणि फाटलं नाही, तर शिवायचं."

तिला आईचं गाणं डमी म्हणून गायचं होतं. काचेच्या खोलीत स्टँडवर दोन पानं. पहिल्या पानाच्या शेवटी ओळ होती: दार उघडंच ठेवलंय मी. पुढची ओळ दुसऱ्या पानावर: ये तू सावकाश. दोन ओळींच्या मध्ये श्वासाएवढीसुद्धा जागा नव्हती. पण बावीस वर्षं गरम कापड हाताळून तिच्या बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती. भांडी हातात टिकत, काच टिके, पण कागद नाही. 'ठेवलंय मी' म्हणून तिनं पान उलटायला घेतलं आणि पान चिकटलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा सुटलं. काचेपलीकडे पियानोवाला तिच्या श्वासाकडे बघून वाजवत होता, तोही थांबला. तो थांबला म्हणून गिटार थांबली. मग ती म्हणाली, ये तू सावकाश, आणि सगळे तिच्याबरोबर पुढे निघाले.

"चुकलं," गाणं संपल्यावर ती म्हणाली. "परत घेऊ या."

"डमीच तर आहे, ताई," भाऊ माइकमधून म्हणाला. "राहू दे."

आणि ते राहिलंच. खऱ्या गायिकेचा घसा बसला, तो बसलेलाच राहिला. स्टुडिओची वेळ संपली, दुसरी मिळेना. शेवटच्या दिवशी संगीतकारानं डमी लावून ऐकली, त्या थांबण्यापाशी आला, मागे घेऊन पुन्हा ऐकली. "हे बदलायचं नाही," म्हणाला. भावानं थांबणं तरी कापू का म्हणून विचारलं. पण कापणार कुठून? तिच्याबरोबर सगळेच थांबलेले, पियानोचा सूर त्यात हळूहळू विरत गेलेला. ती शांतता सगळ्यांची मिळून होती.

अल्बम बाहेर आला तेव्हा ती सगळी इमारत कुठेच नव्हती. ना पायऱ्या, ना दारं, ना लिफ्ट. घर बांधायच्या आधीच त्यातले आवाज राहायला आले होते. आणि लोकांनी ते ऐकले. बस थांब्यावर, स्वयंपाकघरात, दाढी करताना. सगळ्यात जास्त आईचं गाणं. आवरणावर सगळ्या पात्रांची नावं होती आणि प्रत्येकासमोर गाणाऱ्याचं नाव. 'आई'समोर काही नव्हतं. आधी वाटलं होतं की आवाज बदलेल, म्हणून जागा रिकामी ठेवली. मग छपाई होऊन गेली. संगीतकार दुकानात येऊन अपराध्यासारखा उभा राहिला.

"अहो, काय एवढं!" ती म्हणाली. "मी काय मतं मागायला उभी राहणारे?"

पण त्या रात्री जेवण झाल्यावर तिनं नवऱ्याचा चष्मा लावून ते आवरण पुन्हा एकदा बघितलं. नवऱ्यानं बघितलं ते.

रिकामी जागा दिसली की लोक त्यात काहीतरी भरतातच. कुणी म्हणे, ही फार मोठी गायिका आहे, मुद्दाम नाव लपवलंय. थांबण्याबद्दल तर बोलूच नका. कुणी त्याला हुंदका म्हणे, कुणी म्हणे तिला तिथे लिफ्टचा आवाज आल्याचा भास होतो. एकदा दुकानात गाणं लागलेलं असताना एक गिऱ्हाईक काउंटरवर डोळे मिटून म्हणालं, "काय थांबलीये ही बाई! आयुष्य उभं केलंय त्या दोन क्षणांत."

"पँटीचा डाग गेला नाही पुरता," वाफाबाई म्हणाली. "शाई होती का?"

मालक आत जाऊन तोंडावर हात धरून हसले.

आठ महिन्यांनी नाट्यगृह मिळालं. दोन गल्ल्यांपलीकडचंच. दिग्दर्शिका बाहेरून आलेली, बारीक केसांची, बोलताना पेन्सिल चावणारी. तिला आईच्या भूमिकेसाठी नावाजलेली नटी हवी होती, आणि ज्यांनी पैसा घातला होता त्यांना तर हवीच होती. पण तिनं आधी विचारलं, अल्बममध्ये कोण आहे? संगीतकारानं सांगून टाकलं, की ती ड्रायक्लीनिंगच्या दुकानात इस्त्री करते, स्टेजवर कधी उभी राहिलेली नाही.

"पण दिवसभर उभी तर राहते ना?" दिग्दर्शिका म्हणाली. "मग बोलवा."

निरोप आला तेव्हा वाफाबाई 'नाही' म्हणाली. भावाला सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, यंत्रालासुद्धा सांगितलं असेल. सत्तेचाळीस वर्षांची बाई, पोटऱ्यांवर निळ्या शिरा. काचेमागे गाणं वेगळं. तिथे फक्त आवाज असतो. आवाजाला पोट नसतं, वय नसतं. स्टेजवर आख्खं माणूस लागतं.

"जाऊ नकोस," नवरा म्हणाला. "माझा चष्मा तेवढा ठेव जागेवर. रोज त्या आवरणावर सापडतो."

तिनं चष्मा आणून त्याच्यासमोर ठेवला. मग म्हणाली, "शनिवारी अर्धी सुट्टी मागते."

शनिवारी नाट्यगृहाच्या मागच्या बोळात खुर्च्या मांडल्या होत्या. बारा बायका, तेरावी ती. दार अर्धवट उघडं होतं, आतलं सगळं ऐकू येत होतं. एकेक बाई आत जायची आणि तेच गाणं म्हणायची. 'दार उघडंच ठेवलंय मी' झालं की प्रत्येक बाई थांबायची. एकीनं थांबून उसासा सोडला. एकीनं हुंदका दिला. एक इतका वेळ थांबली, की पियानोवाल्याला वाटलं ती विसरली, त्यानं सूर देऊन बघितला. बारा बायकांनी बारा वेळा ते पान उलटलं, हातात पान नसताना. वाफाबाईला आधी हसू आलं. सातव्या-आठव्या बाईनंतर येईना. आपल्या घरातली एखादी वस्तू दुसऱ्यांच्या हातातून फिरताना बघावी तसं काहीतरी व्हायला लागलं. ती उठून घरी जाणार होती. चप्पल सरकवलीसुद्धा. तेवढ्यात तिला बोलावलं.

स्टेज तिला वाटलं होतं त्याहून मळकं होतं. लाकडावर जुन्या खुणांच्या चिकटपट्ट्या. समोरच्या अंधारात दिग्दर्शिका, संगीतकार, आणखी दोघं. कपडेपटाची बाई कडेला स्टुलावर बसली होती, गळ्यात मोजपट्टी. वाफाबाईनं गायला सुरुवात केली. आवाज लागला. पण हात कुठे ठेवायचे ते कळेना. हात लटकत राहिले, दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे. 'दार उघडंच ठेवलंय मी' आलं आणि पाठोपाठ 'ये तू सावकाश' निघून गेलं. मध्ये काहीच नाही. गाणं संपलं.

अंधारातून पेन्सिल टकटकली. "थांबला का नाहीत?"

"कुठे?"

"कुठे काय? सगळं गाव जिथे थांबतं तिथे!"

संगीतकारानं घसा खाकरला. वाफाबाईनं आपले हात पुढे केले, तळवे वर. "पान चिकटलं होतं," ती म्हणाली. "माझी बोटं गुळगुळीत झालीत, इस्त्रीनं. कागद धरता येत नाही. तेवढा वेळ गेला. आता पानच नाही, तर थांबू कशासाठी?"

कपडेपटाची बाई फसकन हसली.

"म्हणजे सहा महिने," दिग्दर्शिका सावकाश म्हणाली, "मी एका चिकटलेल्या कागदावर विचार करतेय?"

"माफ करा," वाफाबाई म्हणाली.

"माफी नको. मला ते थांबणं हवंय. आणि स्टेजवर ती बाई कागद घेऊन उभी नाहीये. काय करायचं?"

सगळा प्रश्न एवढाच होता, आणि तो आता तिच्यासमोर पडला होता; चुरगळलेल्या शर्टासारखा. वाफाबाई त्याच्याकडे बघत राहिली. तिला घरी जायचं होतं. तिला जायचं नव्हतं.

"ही आई वाट बघताना काय करते?" तिनं विचारलं.

"दाराशी उभी असते."

"नुसती? पोरगा अडकलाय, आणि ही नुसती उभी?" तिचा आवाज दुकानातला झाला. "असं कोण उभं राहतं हो? हाताला काहीतरी लागतंच. इस्त्री आहे का तुमच्याकडे?"

कपडेपटाच्या बाईनं आतून टेबल ओढून आणलं, इस्त्री आणली, कुठल्यातरी जुन्या नाटकातला पांढरा शर्ट आणला. इस्त्री तापायची वाट बघायला वाफाबाईनं लावलं सगळ्यांना. दिग्दर्शिका म्हणाली, थंड चालेल, नाटकच आहे. ती म्हणाली, "थंड इस्त्रीनं हात खोटं बोलतो."

मग तिनं गायला घेतलं. आधी कॉलर, मग खांदा, मग पाठ. हातांना आता काम होतं, त्यामुळे आवाज मोकळा सुटला. गाणं शर्टावरून सरकत गेलं. 'दार उघडंच ठेवलंय मी' म्हणताना एक बाजू झाली. तिनं इस्त्री उभी ठेवली. शर्ट उचलला, उजेडाला धरला, उलटा करून पसरला, हातानं एकदा सपाट केला. रोज साठ-सत्तर वेळा लागणारा तेवढाच वेळ. पियानोवाल्याची बोटं पट्ट्यांवर थांबली. अंधारातली पेन्सिल थांबली. तिनं पुन्हा इस्त्री उचलली.

ये तू सावकाश.

गाणं संपल्यावर तिनं शर्टाची घडी घालायला घेतली, कारण तसाच टाकून जाणं तिला जमलं नसतं. समोर कुजबूज चालू होती. पैसा घातलेल्यांपैकी एकजण म्हणत होता की नावाजलेला चेहरा हवा, आणि दिग्दर्शिका म्हणत होती की चेहरा होईल नावाजलेला, वेळ लागतो. मग ती मोठ्यानं म्हणाली, "रोज पाच वाजता सुटता येईल का?"

"मालकांना विचारावं लागेल," वाफाबाई म्हणाली. "विचारते. नाही म्हणाले तरी विचारते."

कपडेपटाची बाई स्टुलावरून उठली होती. गळ्यातली मोजपट्टी काढून तिनं वाफाबाईच्या खांद्यावर टेकवली, मग पाठीवरून खाली सोडली. बावीस वर्षं दुसऱ्यांची मापं हाताखालून गेली होती. आपलं कुणी घेतंय म्हटल्यावर वाफाबाईनं नकळत पोट आत घेतलं.

"सोडा पोट," बाई दातांत पेन्सिल धरून म्हणाली. "गाताना कुठे ठेवणार आहात ते?"

तिनं पोट सोडलं. बाईनं आकडा लिहिला, मग खिशातून पांढऱ्या पट्टीचा तुकडा काढला. वर 'आई' लिहिलं. मग पेन्सिल टेकवून वर बघितलं.

"आणि खाली काय घालू? वाफाबाई नका सांगू हं."

वाफाबाईनं नाव सांगितलं. सांगताना ती मध्येच थांबली, घसा साफ केला, आणि पुन्हा पहिल्यापासून, सावकाश, सांगितलं.