सुमनने सांगितलं होतं

डोंबिवलीला फोन मीच लावला. बाबल, म्हणजे माझा धाकटा दीर, सुमनचा नवरा, खळ्यात, अंगणातल्या खांबाला टेकून बसला होता, त्याच्याच्याने बोलवत नव्हतं, आणि माणसं यायला लागली होती. मी म्हटलं, "शैला, गो, सुमन गेली." आता हंबरडा येईल म्हणून मी फोन कानापासून जरा लांब धरला. पण तसं काही आलं नाही. तिकडे टीव्ही चालू होता तो कुणीतरी बंद केला, आणि मग शैला म्हणाली, "लपवल्यान तिना, वयनी. सख्ख्या भैणीपासून लपवल्यान." पाठची बहीण ती, आणि तिच्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य हे.

सुमनला न्यायच्या आत हा शब्द वाडीभर झाला होता. लपवलंन. डॉक्टरपासून लपवलंन, नवऱ्यापासून लपवलंन, स्वतःच्या जिवाशी खेळली. बायका माझ्या शेजारी बसून डोळे पुसत होत्या आणि पुसता पुसता हेच बोलत होत्या. माणूस मेलं की त्याच्यावर कसला तरी दोष ठेवल्याशिवाय जिवंत माणसांना झोप येत नाही बहुतेक... म्हणजे मग आपल्याला तसं होणार नाही असं वाटतं. मी त्या दिवशी गप्प राहिले. आज सांगते, कारण त्या घरात काय झालं ते भिंतीच्या अलीकडून मी ऐकलंय.

सुमन माझी धाकटी जाऊ. मसुऱ्याच्या अलीकडे आमची वाडी. एक घर, दोन चुली, मधे भिंत, तीही छपरापर्यंत न गेलेली, त्यामुळे तिच्याकडे काय शिजतंय आणि कोण कुणावर खेकसतंय ते मला कळायचं, माझं तिला. मी बोलकी, हे वाचणाऱ्यांच्या लक्षात आलंच असेल. ती भिंतीपलीकडून ओरडायची, "वयनी, तुमच्यापेक्षा रेडिओ बरो, तेका बंद करूचा बटण तरी आसता!" आणि स्वतःच खिदळत सुटायची. तिचं हसू आधी ऐकू यायचं, मागून ती. ओल्या काजूच्या दिवसांत बिया फोडून फोडून तिच्या बोटांची सालं निघायची, काजूचा डीक फार वाईट, कातडी जाळतो, तरी त्या बोटांनी ती माझ्या घरी वाटीभर गर आणून द्यायची आणि म्हणायची, "खावा, नायतर म्हणशात जावेन एकटीन खाल्ल्यान."

तिची बहीण शैला लग्न होऊन डोंबिवलीला गेली, तिथे ऑफिसात नोकरीला लागली. काही वर्षांपूर्वी तिच्या ऑफिसात बायकांची तपासणी झाली. वर्षाला होतेच म्हणे त्यांच्याकडे. मशीनमध्ये छाती दाबून फोटो काढतात, त्यात हाताला न लागणारी एवढीशी गाठ दिसली. ऑपरेशन झालं, एक बाजू काढली, इंजेक्शनं झाली, केस गेले, केस आले. पुढच्या आंगणेवाडीच्या जत्रेला शैला काळे केस करून आली आणि खाज्याच्या दुकानावर दरावरून भांडली. आमच्या सुमनला इतका आनंद झाला की तिने ते भांडण घरी आल्यावर आम्हाला करून दाखवलं.

पण वाडीतल्या बायकांच्या जिभेला हाड नसतं. विहिरीवर एकीने विचारलं, "तुजी ती अर्धी भैण गेली मा डोंबिवलीक?" सुमनने कळशी खाली ठेवली आणि म्हणाली, "गेली. अर्धी आसा ती, पण तुमच्यासारख्या पुऱ्यांपेक्षा बरी." त्या दिवसापासून तिच्यासमोर कुणी बोललं नाही. पाठीमागे बोलायचं कोण थांबवणार.

शैलाने जाताना तिला बजावलं होतं, आणि नंतर फोनवरही, "सुमी, तूय तपासून घे. रक्तात असता ह्या." सुमनने टाळाटाळ केली नाही, हे मला ठासून सांगायचं आहे. तिला डावीकडे दुखत होतंच. ती धुतलेलं लुगडं नेसून सकाळच्या एसटीने सरकारी दवाखान्यात गेली. तिथे तेव्हा घाटावरचा एक तरुण डॉक्टर नवा आला होता, स्वभावाने गरीब, सगळ्यांना मावशी म्हणायचा. खोलीत दोन बाप्ये बाकावर बसलेले, पडदा नाही, दार उघडं. त्याने तिला तपासलं, प्रेशर बघितलं, गोळ्या दिल्या. दुपारी ती परत आली ती पायरीवरूनच ओरडत, "वयनी, डाक्टर म्हणालो काळीज एकदम ठणठणीत! वयाचा दुखणा आसा, दुसरा काय नाय." रात्री शैलाला फोन केला तो मी भिंतीपलीकडून ऐकला. "दाखवलंय गो. काय नाय. तू आता झोप बघया."

शैला झोपली. तिने ऐकलं की बहिणीने तपासून घेतलं. डोंबिवलीत तपासून घेणं म्हणजे मशीन, फोटो, रिपोर्ट, आणि रिपोर्ट बघणारी दुसरी डॉक्टरीण. आमच्याकडे दाखवणं म्हणजे डॉक्टरसमोर बसून येणं. दोघी खरं बोलल्या आणि दोघींची गाठ पडली नाही.

गोळ्या संपल्या, सुमन पुन्हा गेली, पुन्हा त्याच गोळ्या मिळाल्या. भात लावून झाला, कापून झाला. दुखणं बरं नाही म्हणायची, पण डॉक्टरने बघितलंय म्हटल्यावर तिला आणि आम्हालाही त्यात काही वाटेना. मग एकदा आम्ही दोघी बांगडे साफ करत बसलो होतो, आणि मला वास आला. बांगड्याचा नव्हे. बांगड्याचा वास मला जन्मापासून ठाऊक आहे. मी तिच्याकडे बघितलं, ती माशाकडे बघत राहिली. म्हटलं, "सुमन, पदर काढ." ती म्हणाली, "हात तरी धुवंदे, वयनी..." आणि हात धुऊन आली, दार लोटलं आणि पदर काढला. मी जे बघितलं ते लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी करून गोव्याला नेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बघितलं आणि त्यांच्या तोंडावरचा रंगच बदलला. त्या रागावल्याच, "इतके महिने काय केलंत? आधी कुणाला सांगितलं का नाहीत?" सुमन तपासायच्या खाटेवर बसली होती. ती तशीच ताठ झाली. "सांगलंय मी! दोनदा सांगलंय. आंग दुखता, डाव्या बाजूक आंग दुखता, म्हणान सांगलंय."

बाईंना कळलं नाही. मलाही क्षणभर कळलं नाही. तिथली नर्स पेडण्याकडची होती, आमच्यासारखंच बोलणारी. ती जवळ आली आणि हळू विचारलं, "आंग म्हणजे खंयचा गो, बाय?" सुमनने छातीवर हात ठेवला. "ह्यां. पोर पिता ता आंग."

आमच्या घरच्या बायका त्या जागेचं नाव घेत नाहीत. मूल अंगावर पितं. पाळी आली, पांढरं गेलं, की ते अंगावरून जातं. बाळंतपणानंतर खाली उतरतं तेही अंगच. ताप असो, दुखणं असो, सोसलं की अंगावर काढलं. बाईचं सगळं त्या एका शब्दात कोंबून ठेवलंय आणि त्यावर पदर. सुमनने आपल्याकडचा होता तो शब्द उघड्या दारात, बाप्यांसमोर, लाज सोडून सांगितला होता. घाटावरच्या डॉक्टरच्या गावी अंग म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत सगळं शरीर, त्याने अंगदुखीच्या गोळ्या दिल्या. डावी बाजू म्हणाली म्हणून काळजाला नळी लावली, तीही पदरावरून, बाईमाणसाचा मान ठेवून. त्या नळीच्या खालीच गाठ होती.

सुमनने नर्सचा हात धरला आणि विचारलं, "म्हणजे माझाच चुकला?" नर्स "नाय गो, नाय" म्हणाली आणि तोंड फिरवून बाहेर गेली. डॉक्टरीणबाई सुमनशी आणखी काही बोलल्या नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, आजार हाडात आणि यकृतात गेलाय.

शैलाला मी हे सगळं सांगितलं. ती एकदाच आली. खाटेशी उभी राहून बहिणीवरच ओरडली, "मी तुका तपासूक सांगलंय, तू माका खोटा सांगलंस!" सुमन म्हणाली, "बस तरी. पाणी घे." शैला बसली नाही. तिला त्या जखमेत स्वतःचं मरण दिसत असावं, असं मला आता वाटतं, पण तेव्हा मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली होती. सुमन असेपर्यंत परत ती आली नाही, पैसे पाठवले, फळं पाठवली.

मध्यंतरी पेपराच्या पुरवणीत देशाचा नकाशा आला होता. कुठल्या भागातल्या बायका या आजाराने जास्त मरतात, तो भाग गडद. खाली लिहिलं होतं की हा आजार शहरांतल्या बायकांना जास्त होतो, पण झाल्यावर वाचतात त्याही त्याच. मी चष्मा लावून आमची किनारपट्टी शोधली. दाभणाच्या टोकाएवढीही दिसेना. एका आईच्या दोन पोरी, एका चुलीवरची पेज खाऊन वाढलेल्या, एक बोटभर अंतरावर फिक्या रंगात गेली आणि एक गडद रंगात राहिली... रंग देणाऱ्याला काय ठाऊक.

आणि मरण्यातही सारखेपणा नसतो. शैलाच्या इमारतीखालच्या दुकानात जी दुखण्यावरची गोळी चिठ्ठी दाखवली की मिळते, ती आमच्या जवळपासच्या कुठल्या दुकानात नव्हती. गोव्याहून आणायची, संपली की पुन्हा जाणारं माणूस शोधायचं. मधल्या दिवसांत सुमन उशीचं टोक चावायची. त्या उशीला पुढे टोक राहिलं नाही. तिचा मुलगा बोटीवर नोकरीला, भर समुद्रात, त्याच्याशी बोलायचं असलं की ती दात आवळून हसायची, आणि फोन ठेवला की ओरडायची.

बाबल वाईट माणूस नव्हे. वाईट असता तर बरं झालं असतं, राग तरी धरता आला असता. त्याने आपलं अंथरूण पडवीत नेलं. म्हणाला, आत उकडतं. थंडीचे दिवस होते. सुमन म्हणाली, "जावंदे, वयनी. माकाच माजो वास सहन होणा नाय, तेका कसो होतलो." चवथीला गणपतीच्या नैवेद्याला तिने हात लावू नये असं ठरलं. कुणी ठरवलं ते विचारू नका, घरात अशी गोष्ट कुणी एकटं ठरवत नाही. मोदक मी केले. ती आतून ओरडून सांगत होती, "वयनी, गूळ कमी पडतलो! तुमचो हात आखडतो आसा!" गूळ कमीच पडला होता. प्रसादाचा मोदक तिला दिला, तिने एक घास खाल्ला, "सांगलंय मा" म्हणाली, आणि उरलेला कुत्र्याला घालायला लावला.

गेली ती दुपारी, जेवणाच्या वेळी. घरात सगळी माणसं ताटावर होती.

बाराव्याच्या आदल्या दिवशी शैला आली. बायका तिला म्हणाल्या, "सवाष्ण गेली गो, नशीबवान." मळवट भरून, हिरवी साडी नेसवून पाठवली म्हणजे नशीब. बारावं उरकल्यावर सुमनच्या चांगल्या साड्या रीतीप्रमाणे वाटून दिल्या, मग माजघरात मी आणि शैला दोघीच उरलो, आणि समोर राहिलं घरात वापरायच्या ब्लाऊजांचं गाठोडं. ते कोण नेणार? शैलाने एक ब्लाऊज उलटा केला आणि तिचा हात थांबला.

डाव्या बाजूला आतून मऊ जुन्या लुगड्याच्या घड्या शिवल्या होत्या, एकावर एक, टाके इतके बारीक की मशीनचे वाटावेत. धुऊन धुऊन पिवळट झालेल्या. उजवीकडेही तशाच. उजवीकडे जखम नव्हती. डावीकडची सूज दिसू नये, दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात, म्हणून. दुसरा ब्लाऊज तसाच. तिसराही.

"बघा," शैला म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "बघा, वयनी! आणि तुमी माका सांगतास तिचो दोष नाय! ह्या काय आसा मग? कोणासाठी शिवल्यान ह्या?"

मी म्हातारी बाई. तिची बहीण गेलेली, मी गप्प बसायला हवं होतं. पण मी विचारलं, "तुज्या ब्लाऊजात काय आसा, शैला?"

ती उठली, तिने माजघराची कडी लावली, माझ्याकडे पाठ केली, आणि ब्लाऊजात हात घालून ते काढलं. दुकानातलं, कातडीच्या रंगाचं, मऊ, पावाच्या आकाराचं. ते तिने गाठोड्यावर, सुमनच्या शिवणीशेजारी ठेवलं. तिचा एका बाजूने सपाट पडलेला पदर मी पहिल्यांदा बघितला. ती रडली नाही. नुसती बोटाने त्या बारीक टाक्यांवरून जात होती, बाही ते बगल, बगल ते बाही...

पडवीतून बाबलने चहा मागितला. शैलाने आपलं ते उचललं, जागेवर बसवलं, आरशात दोन्ही बाजू सारख्या झाल्या का ते बघितलं आणि कडी काढली.