भट्टीमागची भिंत

समजा, तुम्हाला स्वयंपाकघराच्या भिंतीला टाइल बसवायची आहे. टाइल पाण्यातून काढायची, तिच्या पाठीवर वाळू-सिमेंटचा मसाला बोटभर जाड भरायचा, भिंतीला टेकवायची आणि करणीच्या मुठीनं हलकं ठोकत ओळंब्यात आणायची. भिंत थोडी वाकडी असली तरी मसाला सांभाळून घेतो. आता तीच टाइल गोणीतल्या तयार केमिकलनं लावून बघा. इथं टाइल कोरडी हवी, भिंत आधीच सरळ हवी. केमिकल दातेरी पट्टीनं भिंतीवर पातळ ओढायचं आणि ते सुकायच्या आत टाइल दाबायची. ज्याचा हात पहिल्या रीतीत मुरला आहे, त्याला दुसरी नुसती शिकून भागत नाही. पहिली विसरावी लागते.

वाटूरचे मच्छिंद्र मिस्त्री नेमके तिथं अडकले, आणि तेही सख्ख्या बहिणीच्या खानावळीत.

मच्छिंद्र मिस्त्री अंकुशनगरच्या कारखान्याच्या क्वार्टरच्या बांधकामावर घमेली उचलत हे काम शिकले. ज्या घरात जातील तिथं चहाचा कप हातात घेण्याआधी बोटाच्या पेरानं भिंतीवरच्या टाइला वाजवून बघतात. पाहुण्यांच्या घरीसुद्धा. पोकळ आवाज आला की चेहरा पडतो, मग काम कुणाचंही असो. त्यांच्या दोन साइटवर मी सुपरवायझर होतो, तेव्हापासून आमची ओळख आहे.

शहागडला हायवेच्या कडेला त्यांच्या थोरल्या बहिणीची, गोजरबाईंची खानावळ आहे. भट्टीमागच्या भिंतीला त्यांनी मोठ्या, गुळगुळीत टाइला आणल्या. दुकानदारानं सोबत केमिकल दिलं. मिस्त्रींनी सवयीप्रमाणे टाइला रात्रभर टाकीत भिजवल्या. केमिकल त्यांना लोण्यासारखं मऊ वाटलं, म्हणून प्रत्येक घमेल्यात मूठभर सिमेंटही टाकलं, आणि भट्टी पेटती असतानाच टाइला लावल्या. काम देखणं झालं. पण काही आठवड्यांनी, ऐन जेवणाच्या गर्दीत, एक टाइल सुटून झुंबरबाईंच्या परातीत पडली. भाकरी थापणाऱ्या झुंबरबाई थोडक्यात वाचल्या.

मिस्त्रींनी मला बोलावून घेतलं. मी पोचलो तेव्हा भट्टी विझलेली होती आणि बहीण-भावाचं जुंपलेलं होतं.

"तुह्या हातची भिंत म्हणून गिऱ्हाइकाला दाखवत व्हते मी," गोजरबाई म्हणाल्या. "आता काय दाखवू? परात?"

"अक्का, आजच्या आज काढून देतो समदं."

"अन् पुन्हा पडली तर? त्या अंबडच्या मिस्त्रीला बोलावते बघ."

दुसऱ्याचा हात या भिंतीला लागला असता, तर मिस्त्री खानावळीत जेवायलासुद्धा आले नसते.

झुंबरबाई पीठ चाळता चाळता म्हणाल्या, "मिस्त्री, भाकरीत सिमेंट टाकलं का न्हाई अजून? लय मजबूत व्हईल."

मिस्त्रींनाही हसू आलं. त्यांनी पडलेली टाइल मला दाखवली. पाठ जवळजवळ कोरी होती आणि केमिकलच्या रेघा तशाच्या तशा भिंतीवर उभ्या होत्या. अशी टाइल पाणी पीत नाही, त्यामुळे भिजवली की पाठीवर ओल राहते आणि केमिकल धरत नाही, असं मी म्हणालो. सिमेंटनंही मिश्रण बिघडतं, आणि भट्टीच्या धगीनं केमिकलवर आधीच पापुद्रा आला असेल तरी पाठ अशीच कोरी निघते.

"मंग यातलं कशानं पडली?"

"तिन्ही एकदम झालंय, मिस्त्री. नुसतं बघून नाही सांगता येणार."

सगळ्या टाइला उतरवल्या. मिस्त्रींनी प्रत्येकीची पाठ कोरड्या फडक्यानं पुसली, केमिकलमध्ये फक्त पाणी घातलं आणि भिंत पुरती गार झाल्यावर एका वेळी दोनच टाइलांपुरतं ओढून दाबलं. मधे एकदा हात आपसूक सिमेंटच्या गोणीकडे गेला.

"मच्छू!" गोजरबाई ओरडल्या. हात मागे आला.

शेवटची ओळ उरली तेव्हा मिस्त्री हळूच म्हणाले, "अक्का, यातली एक भिजवून लावू दे ना."

"कामून? पाडायला?"

"कळंल तरी. आता समदं बराबर केलं, भिंत टिकंल बी. पण माही चूक कोणती व्हती ते मला कधीच कळणार न्हाई. वाटूरला कितीक घरी असंच लावून आल्तो मी."

गोजरबाईंनी भावाकडे बघितलं. त्या घरांचा विचार त्यांच्या मनात आला नव्हता. मग पदरानं कपाळ पुसत त्यांनी कोपऱ्यातलं पिठाचं पिंप ओढलं. "हितं मागं लाव. खाली, जमिनीलगत. पडली तर कोणाच्या डोक्यात न्हाई पडणार."

मिस्त्रींनी एक टाइल बादलीत बुडवली, काढली, पिंपामागं दाबून बसवली. मग तिथंच उकिडवे बसून एकदा कोपऱ्याकडे, एकदा भट्टीकडे बघत राहिले.

"साहेब," ते मला म्हणाले, "इथं धग लागत न्हाई. ही टिकली, तर पाण्यानं काही व्हत न्हाई असं समजायचं, का भट्टी लांब हाय म्हणून टिकली असं?"