लेबलांची वही

माझ्या वडिलांनी आयुष्यात दारूचा थेंब चाखला नाही, आणि त्यांची सगळी नोकरी दारूच्या कपाटाच्या किल्ल्या सांभाळण्यात गेली. आज मी हे हसत सांगते. अठराव्या वर्षी कुणी नुसतं विचारलं तरी तळपायाची आग मस्तकात जायची.

भिंगारला लष्कराच्या एका मेसमध्ये ते सिव्हिलियन स्टोअरकीपर होते. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. मूळचे मिरजगावकडचे, शेतकरी घरातले, गळ्यात तुळशीची माळ. सकाळी पूजा आटोपून, कपाळाला बुक्का लावून सायकलवर टांग मारायचे ते थेट बाटल्यांच्या खोलीत. पांडुरंगाला यात काही वावगं वाटत नव्हतं, दादांना वाटत नव्हतं, आईलाही नाही. वाटायचं ते फक्त मला. शाळेत मुलींनी वडिलांचं विचारलं की मी 'मिलिटरीत आहेत' म्हणून मोकळी व्हायची.

मेसमधले साहेब लोक परदेशी जाऊन आले की तिकडची वाईन घेऊन यायचे. रिकामी बाटली पुढं भंगारात जायची, पण त्याआधी दादा ती मागून घरी आणायचे आणि बादलीत भिजत घालायचे. आमच्या न्हाणीत धुण्याच्या बादलीशेजारी कायम एक बाटल्यांची बादली. हळदीकुंकवाला आलेल्या बायका पाय धुवायला आत गेल्या आणि त्यांनी ती पाहिली, की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. लेबल सुटून वर आलं की दादा ते तळहातावर अलगद घ्यायचे, वर्तमानपत्रावर वाळवायचे, वर पाट ठेवून सपाट करायचे आणि खळ लावून एका लांबट, लाल कापडी पाठीच्या वहीत चिकटवायचे. सुटीच्या सकाळी क्वार्टरच्या ओट्यावर लेबलं वाळत पडलेली असायची. शेजारच्यांच्या कोंबड्या त्यावर चालू नयेत म्हणून दादा हातात काठी घेऊन राखण करत बसायचे. लांबून परेडचा बिगुल ऐकू यायचा, आत आई भाकऱ्या थापत असायची. तेव्हा मला त्या सगळ्याचा वीट यायचा. आता ताज्या खळीचा वास कुठं आला तरी जीव कासावीस होतो.

मेसमध्ये एक म्हातारे साहेब होते, वाईनचे शौकीन. जगभरच्या नावाजलेल्या वायनरींवरचं एक जाडजूड पुस्तक त्यांच्याकडे होतं. दादांचं इंग्रजी जेमतेम. मग दुपारी मेस सामसूम असताना साहेब वाचून सांगायचे आणि दादा मराठीत लिहून घ्यायचे, प्रत्येक लेबलाखाली त्या त्या घराण्याची हकिगत. अक्षर टपोरं, भाषा मात्र कीर्तनाला बसणाऱ्या माणसाची. फ्रान्समधल्या ज्या बैराग्यांनी डोंगरउतारावर पट्ट्यापट्ट्यानं वेल लावले आणि कुठल्या पट्ट्यातल्या द्राक्षाला कशी चव येते ते पिढ्यान्‌पिढ्या पारखलं, त्यांना दादांनी 'तिथली संतमंडळी' म्हटलेलं. इटलीतलं एक घराणं शेकडो वर्षं बापाकडून लेकाकडं चालत आलेलं. त्याखाली लिहिलं होतं, 'वाटण्या झाल्या नाहीत, हे विशेष.' एकदा युरोपातल्या वेलींच्या मुळांना अमेरिकेहून आलेला किडा लागला आणि मळेच्या मळे वाळून गेले. तेव्हा अमेरिकेतल्याच वेलींच्या मुळांवर जुन्या वेलींची कलमं बांधली आणि ती मोठमोठी घराणी तगली. ही हकिगत दादांना तोंडपाठ होती, कारण कलम हा विषय त्यांच्या रक्तातला. ते म्हणायचे, नावं मोठी पण मुळं उसनी, म्हणून माणसानं लई ताठ्यात वागू नये.

पण त्यांचं सगळ्यात लाडकं पान विधवेचं. फ्रान्समध्ये एका वाईनवाल्याची बायको ऐन तरुणपणी विधवा झाली. त्या काळी तिकडं बाईला आपल्या जिवावर धंदा करता यायचा नाही, विधवेला मात्र यायचा. तिनं तो हातात घेतला. फेसाळत्या वाईनमध्ये गाळ राहायचा. भोकं पाडलेल्या फळ्यांत बाटल्या उलट्या रोवायच्या, रोज थोड्याथोड्या फिरवायच्या आणि तो गाळ बुचाशी आणायचा, ही युक्ती तिच्याच घरातली. आणि लेबलावर नावाच्या आधी चक्क 'विधवा' असं छापलेलं. दादांनी खाली लिहिलं होतं, 'आपल्याकडे विधवेला हळदीकुंकवाला बोलवत नाहीत. तिथं हिच्या बाटलीवाचून राजांच्या पंगती अडायच्या.'

घरात कुणीही येवो, पाच मिनिटांत वही बाहेर. पोस्टमन असो, विम्याचा एजंट असो, दादा त्याला बसवून विधवेचं पान दाखवणार. सगळं घोडं तिथंच अडत होतं.

मला सांगून आलेलं एक चांगलं स्थळ नगरहून परत गेलं होतं. मुलगी बरी आहे, पण बाप दारूच्या खोलीवर, असा निरोप मध्यस्थानं आणला. आई दोन दिवस धड जेवली नाही. दादा म्हणाले, त्यांचं नशीब. मी मात्र आतून पेटले. पुढच्या रविवारी पारनेरचे पाहुणे यायचे होते. मुलगा शिक्षक, वडील नाहीत, आईनं शेती करून वाढवलेला. काय होणार ते मला आधीच दिसत होतं. पोहे यायच्या आत दादा वही काढणार, पाहुण्यांच्या मांडीवर ठेवणार आणि एकेक लेबल दाखवत बसणार.

शनिवारी दादा ड्युटीवर आणि आई बाजारात गेलेली असताना मी ती वही पाणी तापवायच्या बंबात घातली. लपवता आली असती की. दोन दिवस शेजारी ठेवता आली असती. पण राग आला की मला मधलं काही सुचतच नाही, अजूनही. खळीनं जाड झालेले ते कागद चरचरत जळले. पाणी छान तापलं. त्याच पाण्यानं मी न्हाले, उद्या बघायला येणार म्हणून केस धुतले.

रविवारी पाहुणे आले. नोकरी काय करता, असं मुलाच्या आईनं विचारायचा अवकाश, दादांनी सगळं सांगितलं, अगदी मान वर करून. आणि वहीवाचूनच सुरू केली विधवेची गोष्ट. मी पोह्यांच्या बशा घेऊन दाराआड उभी होते. वाटलं, संपलं. मुलाची आई स्वतः विधवा, आणि त्यांच्यासमोर हा विषय! पण त्या बाई पुढं सरकून बसल्या. त्यांनी दोनदा विचारलं, "खरंच तसं लिवलंय? बाटलीवर?" दादा म्हणाले, दाखवतो की, आणि वहीसाठी उठले. मी तशीच आत शिरले आणि बशी त्यांच्या हातात दिली. आईनंही आधी गरम खाऊन घ्या असा आग्रह धरला. बोलण्यातून बोलणं निघालं आणि वही राहिली. निघताना त्या बाई दादांना म्हणाल्या, लेबल पुढच्या खेपेला बघते.

लग्न जमलं ते त्या गोष्टीवर. सासूबाईंनी मला हे पुढं कितीदा तरी सांगितलं. ज्या माणसाला ही गोष्ट अशी कौतुकानं सांगावीशी वाटते, त्याच्या घरचीच पोर करायची, असं त्यांनी तिथल्या तिथं ठरवलं होतं. म्हणजे जे जाळून मी लग्न वाचवायला निघाले होते, त्यानंच ते जमवलं. माझ्या शहाणपणाची कमालच म्हणायची.

लग्नाच्या धांदलीत दादांना वही काढायला सवड मिळाली नाही, नंतर त्यांनी ती शोधली. ट्रंक उपसली, माळा उपसला. शेवटी आई म्हणाली, पोरीनं नेली असंल. झालं, दादांना इतका आनंद झाला की विचारू नका. लेकीनं दागिन्यांबरोबर बापाची वही नेली, असं ते येईल त्याला सांगू लागले. माझ्या कानावर आलं तेव्हाच मी खरं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. सासूबाई लेबलाचं विचारायच्या, मी म्हणायची ते भिंगारला आहे. दादा म्हणायचे पारनेरला. पंचवीस वर्षं मी अशीच दोन्हीकडं थापा मारत राहिले. सासूबाई गेल्या, पण लेबल काही त्यांना दिसलं नाही. याची बोच मला रोज आहे. चुलीपाशी त्यांच्या जागी बसते तेव्हा जास्तच.

यंदा हिवाळ्यात कळलं की कल्याण रस्त्याला, आमच्या तालुक्याच्या हद्दीत एक नवी वायनरी झालीय आणि ती लोकांना बघायला खुली आहे. दादा आता ऐंशीच्या पुढे. ऐकायला कमी येतं, गुडघे गेलेत. पण 'वायनरी' म्हटल्यावर चेहरा असा उजळला की मी पारनेरहून भिंगारला गेले, त्यांना गाडीत घातलं आणि घेऊन आले. माळकरी म्हातारा बघून गेटवरचा माणूस जरा चपापला. आत एका भिंतीवर जगातल्या जुन्या वायनरींची चित्रं, आणि माहिती सांगायला एक चुणचुणीत मुलगी. तिनं विधवेचं चित्र दाखवलं, दोन वाक्यं सांगितली आणि पुढं निघाली. दादा तिथंच थांबले. म्हणाले, त्या फळ्यांचं सांग की पोरी. तिला ते ठाऊक नव्हतं. मग दादांनीच सांगितलं. मागोमाग किड्याचं, कलमांचं. पुण्याहून आलेले लोक ग्लास हातात धरून ऐकत उभे राहिले. दादांपुढं ग्लास आला तेव्हा त्यांनी नुसता वास घेतला आणि मला म्हणाले, मेसच्या खोलीत असाच वास यायचा. त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही.

त्या मुलीनं विचारलं, आजोबा, हे सगळं तुम्ही कुठं वाचलंत?

"वहीत हाय सगळं," दादा म्हणाले. "लेकीनं जपून ठिवलीय."

ती मुलगी माझ्याकडे वळली. ताई, ती वही थोडे दिवस आम्हाला द्याल का, इथं काचेच्या पेटीत ठेवू, आजोबांच्या नावासकट. मी काही बोलायच्या आत दादांनी परवाचा वायदाही करून टाकला.

परतताना भाळवणीच्या पुढं मी गाडी कडेला घेतली. आत्ता नाही सांगितलं तर कधीच सांगणार नाही, हे मला कळत होतं.

"दादा, वही नाहीये. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मी ती बंबात जाळली. मला तुमची लाज वाटत होती."

दादा समोर रस्त्याकडे बघत राहिले. शेजारून ट्रक जात होते. त्यांनी एवढंच विचारलं, "सगळी?"

"सगळी."

मग भिंगार येईपर्यंत मी रडत रडत गाडी चालवली.

घरात शिरल्या शिरल्या ते आईपुढं उभे राहिले आणि लहान पोरानं गाऱ्हाणं सांगावं तसं म्हणाले, हिनं वही जाळली. आई मेथी निवडत होती. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"तिनं न्हाई. मी जाळली."

आई त्या दिवशी बाजारात होती, आणि हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. बंबातली राख रोज तीच काढायची. तिला तेव्हाच कळलं असणार, आणि 'पोरीनं नेली असंल' हेही ती उगाच म्हणाली नसणार. सासरी गेलेल्या लेकीवर बापाचा राग राहू नये, म्हणून या वयात ती तो अंगावर घ्यायला निघाली होती.

दादांनी दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं.

"तुमी दोघी एकमेकींला सांभाळून घेता," ते म्हणाले. "मला कुनी सांभाळायचं?"

आईच्या हातातली मेथी तशीच राहिली. मला त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं, पण ते नाटकी झालं असतं, आणि दादांना नाटक आवडत नाही. मी पिशवीतून हिशेबासाठी घेतलेली एक कोरी वही काढली आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. म्हटलं, दादा, सांगा, मी लिहून घेते. पहिल्या पानापासून सांगा. मला वाटलं, उठून जातील. नाही गेले. भिंतीला पाठ टेकून बसले आणि डोळे मिटले. विधवेचं पान त्यांनी कुठंही न अडखळता सांगितलं, राजांच्या पंगतीपर्यंत. किड्याचंही सांगितलं. संतमंडळींचंही. माझा हात भराभर चालत होता, आणि मला वाटायला लागलं होतं की जमेल, सगळं परत येईल.

मग पोर्तुगालचं घराणं आलं. तिथं नदी हाय, दादा म्हणाले, काठचे डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी तोडलेत, वाईनची पिंपं होडीतनं खाली यायची. दर्यावरनं जाताना नासू नये म्हणून तिच्यात कडक दारू घालायचे. ते घराणं सुरू केलं दोघा भावांनी. न्हाई, बापलेक हुते. ते गावचे कुठले, तर... दादा थांबले. मीही पेन धरून थांबले. आई मेथी बाजूला सारून त्यांच्या तोंडाकडं बघत होती. त्यांनी पुन्हा नदीपासून सुरुवात केली, पुन्हा पिंपांपर्यंत आले, आणि डोळे उघडले.

"पुढचं वहीत हुतं," दादा म्हणाले.